खडकाळ किनाऱ्यावरचं फिल्डवर्क: बाटल्या घरी ठेवा, चौकट घेऊन जा

कणकुंबीकर

नमस्कार मंडळी. मी बेळगावात बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र शिकवते, माहेर खानापूर तालुक्यातलं. आमच्याकडे समुद्र नाही, पण घाट उतरला की तो आहेच. दरवर्षी कुठलं ना कुठलं कॉलेज मुलांना घेऊन कारवार, मालवण, गोवा गाठतं, म्हणून आमचा दोन वर्षांचा अनुभव सविस्तर लिहितेय. तुमच्या मुलांचा दिवस आमच्यासारखा वाया जाऊ नये.

पहिल्या वर्षी तारीख ठरली ती रविवार बघून. तिथी कुणी बघितलीच नाही. पहाटे पाचला बस निघाली, खानापूर, रामनगर, जोयडा करत अणशी घाट उतरली आणि अकराच्या सुमारास आम्ही कारवारच्या किनाऱ्यावर. त्या दिवशी पौर्णिमा होती. पौर्णिमेला तिथे अकराच्या आसपास पूर्ण भरती असते. जे खडक बघायला एवढ्या लांब आलो ते सगळे पाण्याखाली, वर फक्त कोरडी टोकं. पूर्ण ओहोटी होणार संध्याकाळी पाचला आणि ड्रायव्हरला गाडी काढायची होती चारला.

चाळीस मुलं, हातात फॉर्मॅलिनच्या रिकाम्या बाटल्या. आमच्यातले एक ज्येष्ठ सर म्हणाले, एवढं आलोय तर काहीतरी घेऊन जाऊ. दुपारी पाणी थोडं उतरल्यावर दोन मुलांनी एका खडकाचा दोन हात रुंदीचा पट्टा स्क्रू ड्रायव्हरने खरवडून काढला. कालवं, बार्नॅकल (खडकाला घट्ट चिकटून राहणारे बारीक कवचाचे प्राणी), गोगलगाई सगळं बाटल्यांत गेलं. मी गप्प राहिले. त्याचं मला अजून वाईट वाटतं. त्या बाटल्या प्रयोगशाळेच्या कपाटात आहेत. लेबलवर ‘कारवार’ एवढंच आहे. कुठल्या उंचीवरून काढलं, शेजारी काय होतं, किती होतं, काही नाही.

२०१४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्रातली विच्छेदनं बंद करायला सांगितली. बेडूक गेले, झुरळं गेली, पण सहलीतून बाटली भरून आणायची सवय गेली नाही.

दुसऱ्या वर्षी मी अडून बसले. दोन दिवस पाहिजेत, मुक्काम पाहिजे, तारीख मी ठरवणार. अमावास्येनंतरची द्वितीया धरली. उधाणाचं पाणी अमावास्या-पौर्णिमेला असतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण ते सर्वांत जास्त चढतं-उतरतं एक-दोन दिवसांनी. आणि भरती-ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे अमावास्येला पहाटे पाचच्या आत, अंधारात असलेली ओहोटी द्वितीयेला साडेसहाच्या आसपास येते, म्हणजे उजाडता उजाडता. आम्ही पाचला उठलो, साडेपाचला टॉर्च घेऊन खडकावर होतो. पाणी आमच्या समोर उतरत गेलं.

त्या सकाळी मुलांनी जे बघितलं ते वर्गात कितीही फळा रंगवला तरी दाखवता येणार नाही. वरच्या कोरड्या खडकावर, जिथे नुसते तुषार पोचतात, तिथे तांदळाएवढ्या लिटोरिना गोगलगाई भेगांत दाटीने बसलेल्या. त्याच्या खाली बार्नॅकलचा पांढुरका पट्टा. त्याखाली कालवं. मग नेरिटा आणि लिम्पेट या गोगलगाई, अगदी खाली हिरवे शिनाणे (एक प्रकारचे शिंपले) आणि शेवाळ. घराच्या भिंतीवर वेगवेगळ्या रंगांचे पट्टे मारावेत तसं. एक मुलगी म्हणाली, मॅडम, हे तर कुणीतरी सुतात आखलंय.

सामान म्हणाल तर पीव्हीसी पाइपची ५० बाय ५० सेंटिमीटरची चौकट, आत दोरा ओवून केलेली २५ घरं; ती खडकावर ठेवून घराघरातलं मोजायचं. एक लांब दोरी, दर मीटरला गाठ. पेन्सिल (पेनाची शाई पाण्यात जाते), जाड पुठ्ठा, भिंग. बाटली एकही नाही.

कुणी जाणार असेल तर विचारा, माहीत आहे ते सांगीन.

शहापूरकर

ताई, फार चांगलं लिहिलंय. माझी मुलगी यंदा दुसऱ्या वर्षाला आहे, त्यांचीबी ट्रिप निघालीय. पहाटे अंधारात खडकावर पोरी नेणं धोक्याचं नाही का ओ? लाट आली म्हणजे?

कणकुंबीकर

काळजी रास्त आहे. आमचे नियम सांगते. समुद्राकडे पाठ करून कुणी बसायचं नाही. प्रत्येक गटात एक जण नुसता पाण्यावर लक्ष ठेवणार, त्याच्या हातात वही नाही. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचा लाटांचा इशारा आदल्या रात्री बघायचा, इशारा असेल तर जायचंच नाही. ओहोटीचा तळ गाठला की अर्ध्या तासात सामान आवरायला घ्यायचं.

हे शेवटचं का, तर पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांच्या भरतीचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग पाणी चढतं, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. पहिला तास बघून माणूस निर्धास्त होतो आणि तिसऱ्या तासाला मागची वाट बुडालेली असते.

पायात स्लीपर नको. जुने नाडीचे कॅनव्हास बूट घाला. कालवाची धार ब्लेडसारखी असते, कापलं तर लगेच स्वच्छ पाण्याने धुवायचं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का बघायचं. शंकूच्या आकाराचा शंख दिसला तर हात लावायचा नाही, त्यातल्या काहींचा डंख विषारी असतो.

निपाणीचा मास्तर

मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो. मुलांनी विचारलं तर काय सांगू? हे पट्टे का पडतात? सगळ्यांनी खालीच राहावं की, पाणी जास्त वेळ मिळेल.

कणकुंबीकर

मास्तर, आमच्या मुलांनीही नेमकं हेच विचारलं.

जोसेफ कॉनेल नावाच्या शास्त्रज्ञाने स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर बार्नॅकलच्या दोन जातींवर प्रयोग केला, तो १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. एक जात वर असायची, दुसरी खाली. त्याने काही दगडांवरून खालची जात काढून टाकली. तर वरची जात खालीही सुखाने जगली! म्हणजे तिला खाली राहणं जमत होतं, पण तिथे दुसरी जात तिला दाबून, उचकटून जागा घेत होती. उलट खालची जात वर गेली तर ओहोटीत वाळून मरायची. थोडक्यात, वरची हद्द बहुतेक वेळा ऊन ठरवतं आणि खालची हद्द शेजारी. खाणारे शेजारीही त्यात आले. थायस नावाची गोगलगाय कालवाच्या शिंपल्याला भोक पाडून आतलं मांस खाते. भोक पडलेला शिंपला मुलांच्या हातात द्या, ती विसरत नाहीत.

बार्नॅकल शिंपल्यासारखं दिसतं, पण ते नात्याने खेकडा-कोळंबीच्या घरातलं. डार्विनने या प्राण्यावर आठ वर्षं घालवली, १८४६ ते १८५४. डबक्यात बुडालेलं एखादं सापडलं तर भिंग धरून हलू नका. एक-दोन मिनिटांनी वरची झाकणं फटीएवढी उघडतात आणि पिसासारखे पाय बाहेर येऊन पाणी ओढतात, आत जातात, पुन्हा येतात. सावली पडली की झटकन बंद. आमचा एक मुलगा तासभर एकाच डबक्यापाशी पोटावर पडून होता, त्याची पॅन्ट भिजली, त्याला पत्ता नाही.

येळ्ळूरकर

तिथीवरून भरतीची वेळ काढायची आज्जांची रीत आहे ना, तिथीला पाऊणपट?

कोडीबाग

@येळ्ळूरकर, ती रीत मुंबईकडे बरी जुळते. तिथीला पाऊणने गुणायचं, आकडा येईल तितक्या वाजता भरती. पण भरती आपल्या किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेला सरकते, म्हणून कारवारला ती मुंबईच्या आधी येते. अंदाजाला ठीक, पण चाळीस मुलांची बस त्यावर ठरवू नका. भारतीय सर्वेक्षण विभागाचे भरतीचे तक्ते निघतात, ते बघा. दिवसातल्या दोन ओहोट्याही सारख्या उतरत नाहीत, आकडा कमी असेल ती धरा.

मी कारवारची. आई, मावशी, आजी सगळ्या काळी नदीच्या तोंडाला कालवां आणि तिसऱ्या काढायच्या. कणकुंबीकर ताईंचं वाचून एक सांगावंसं वाटलं. मुलं येतात, दगड उलटतात, फोटो काढतात आणि दगड तसाच सोडून जातात. दगडाच्या खालच्या अंगाला जे राहतं ते सावलीचं, ओलाव्याचं. उताणा पडलेला दगड म्हणजे त्यांना दुपारपर्यंत मरण. वरच्या अंगाचं शेवाळ खाली दबून कुजतं ते वेगळंच. माझी आई कालवां काढताना दगड हलला तर परत तसाच बसवायची, त्याच तोंडाने. तिला कुणी शिकवलं नव्हतं. पुढच्या महिन्यात तिथेच यायचं असायचं तिला.

आणि पावसाळ्यानंतर लगेच आलात तर काळीच्या मुखाजवळचं चित्र वेगळं दिसेल. कद्रा धरणाची दारं सुटली की इथलं पाणी गोडं होतं. कालवां तोंड मिटून दिवस काढतात.

कणकुंबीकर

कोडीबाग ताई, तुमच्या आईची ही गोष्ट मी वर्गात सांगणार आहे, परवानगी द्या.

कोडीबाग

सांगा की. तिलाही सांगते, खूश होईल.

खाडीकाठ

मालवणाक येवा की! बेळगावाहून आंबोली घाट उतारलास की इलास. पण एक सांगतंय, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतीचा पाणी सागरी अभयारण्य आसा, १९८७ सालापासून, २९.१२ चौरस किलोमीटर. थंय काम करूचा तर वनखात्याची परवानगी आधी काढूक व्हयी. थंयली एक शिंपलीय खिशात घालू नकात.

कणकुंबीकर

बरोबर. कारवारलाही बिणगा-अरगा बाजूला नौदलाचा तळ आहे, तिकडे वळूच नका, फोटोही नको. आणि अभयारण्य नसलं तरी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा सगळीकडे लागू आहे. समुद्रकाकडी, समुद्रघोडा, प्रवाळ हे सगळे त्यात संरक्षित आहेत. मुलांना आधी सांगा, कारण काळी समुद्रकाकडी डबक्यात सापडली की सर्वांत पहिली तीच बाटलीत जाते.

प्रयोगवही

मॅडम, तुमच्या कळकळीचा आदर ठेवून असहमती नोंदवतो. मी वर्गीकरणशास्त्रात काम केलंय. फोटोवरून कित्येक गोगलगाई, कित्येक शेवाळं जातीपर्यंत ओळखताच येत नाहीत. नमुना लागतो, जिभेचे दात सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतात. ‘काहीच आणू नका’ म्हटलं तर मुलं प्रत्येक गोगलगायीला ‘नेरिटा’ लिहून मोकळी होतील. संग्रह नसता तर आज आपल्याला नावंच माहीत नसती.

कणकुंबीकर

तुमचं म्हणणं मला पटतं, आणि मी ते सरसकट लिहायला नको होतं. नमुना लागतो. पण तो कुणाला लागतो? ज्याला तो उघडून बघायचाय, नोंद ठेवायचीय, जपायचाय, आणि ज्याने परवानगी घेतलीय. कर्नाटक विद्यापीठाचा सागरी जीवशास्त्राचा पदव्युत्तर विभाग कारवारलाच आहे. आपल्याला ओळखता न आलेल्या जातीचा चांगला फोटो, जागा, उंची, तारीख घेऊन अशा जाणकारांकडे जावं. चाळीस मुलांनी चाळीस बाटल्या भरायच्या आणि त्या पुढे कुणी उघडायच्याच नाहीत, याला मात्र संग्रह म्हणवत नाही. आमच्या मुलांनी वहीत ‘गोगलगाय अ’, ‘गोगलगाय आ’ असं लिहिलं, प्रत्येकीचं चित्र काढलं. नाव नंतर लावता येतं. मोजणी नंतर करता येत नाही.

गवंड्याची लेक

मॅडम, मी लिहू का? मी त्या गटात होते.

मंडळी, मॅडमनी लेव्हल पाइपचं सांगितलंच नाही. जायच्या आधी वर्गात चर्चा झाली की दोरी लावून पाण्यापासून किती मीटरवर काय आहे ते मोजायचं. पण खडक उताराचा, कुठे खड्डा, कुठे उंचवटा. प्राण्याला फरक पडतो तो किती उंचावर आहे याने, कारण तेवढा वेळ तो पाण्याबाहेर राहणार. उंची कशी मोजायची यावर सगळे अडले.

माझे बाबा गवंडी आहेत. प्लिंथची लेव्हल धरायला त्यांच्याकडे पारदर्शक नळी असते, पाणी भरलेली. मी ती मागून नेली. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला येतं, मध्ये खड्डा असो की दगड. एक जण वरच्या भेगेपाशी टोक धरून उभा, तीच आमची शून्याची खूण. दुसरा चौकटीपाशी पट्टी लावलेली काठी धरून. बाबांनी बजावलं होतं, नळीत बुडबुडा राहिला तर माप चुकतं, आणि जागा बदलताना दोन्ही टोकं अंगठ्याने दाबून न्यायची. पहिला अर्धा तास बुडबुडे काढण्यातच गेला. नळीत समुद्राचंच पाणी भरलं.

आणि मग कळलं की समुद्राकडे तोंड केलेल्या खडकावर बार्नॅकलचा पट्टा आडोशाच्या खडकापेक्षा जवळजवळ वीतभर वर चढलेला आहे. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नव्हतं. मॅडम म्हणाल्या, लाटा आपटून तुषार वरपर्यंत उडतात, म्हणून तिथे वर राहणं परवडतं. घरी येऊन बाबांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, नळी गुंडाळून खुंटीला लावली. दुसऱ्या दिवशी साइटवर सगळ्यांना सांगत होते म्हणे.

शहापूरकर

वा गं पोरी! वाचून डोळ्यात पाणी आलं बघ.

निपाणीचा मास्तर

नळीची कल्पना शाळेत उद्याच करून बघतो. मोजताना मुलांचे आकडे जुळतात का?

गवंड्याची लेक

नाही सर, तिथेच भांडण झालं. एकाच चौकटीतल्या एका घरात मी ३७ बार्नॅकल मोजली आणि मैत्रिणीने ५२. दोघी हट्टाला पेटलो. मग भिंगाने बघितलं तर कळलं, तिने रिकामी कवचंही मोजली होती. मेलेल्या बार्नॅकलचं कवच खडकाला तसंच चिकटून राहतं. आणि त्या रिकाम्या कवचांत लहान गोगलगाई घर करून होत्या! तेव्हापासून वहीत तीन रकाने केले: जिवंत, रिकामं, रिकाम्यात राहणारं.

कणकुंबीकर

मास्तर, यासाठी आधी सराव हवा, आणि तो समुद्राविना होतो. आम्ही राजहंसगडावर गेलो होतो. तिथल्या दगडांवर दगडफूल भरपूर. चौकट टाकायची, किती घरं भरली ते मोजायचं, दोघांनी वेगवेगळं. मुलांची एक खोड तिथेच कळली: चौकट नेहमी जिथे दाट, सुंदर दिसतं तिथेच ठेवतात. उघडा दगड कुणालाच मोजायला आवडत नाही. मग चिठ्ठ्या काढायला लावल्या. चिठ्ठीत येईल त्या गाठीला चौकट, तिथे काही नसलं तर ‘काही नाही’ हीच नोंद.

जांभा

भूशास्त्राच्या बाजूने एक भर. गोव्यात हणजूण-वागातोरला जांभा खडक आहे, आपल्या जांबोटी-कणकुंबीकडे दिसतो तसाच, सच्छिद्र. त्याच्या खळग्यांत पाणी साचून राहतं, जिवांना आसरा मिळतो. कारवारचा खडक कठीण, बराचसा गुळगुळीत, त्यामुळे तिथे सगळे भेगांत दाटी करतात. दोन्हीकडे एकाच पद्धतीने मोजलंत तर मुलांना तुलना करता येईल. चोर्ला घाट उतरला की गोवा.

कणकुंबीकर

हे डोक्यात ठेवते, धन्यवाद. कणकुंबीत मलप्रभा उगम पावते, तिचं पाणी कृष्णेतून पूर्वेच्या समुद्राला जातं. त्याच तालुक्यातली म्हादई पणजीला अरबी समुद्रात उतरते. लहानपणी आजी दोन्ही दिशांना हात करून दाखवायची. माझी मुलं मराठी शाळांतून आलेली, नोंदवही इंग्रजीत, परवानगीचा अर्ज कन्नडमध्ये, किनाऱ्यावर कोंकणी. तरी त्या सकाळी कुणालाच कुठे अडलं नाही. एका मावशींनी मुलांना शिनाणे आणि कालवांतला फरक बोटाने दाखवला, मुलांनी त्यांना भिंगातून बार्नॅकल दाखवलं.

आता एक विनंती, कोडीबाग ताई. पहिल्या वर्षी आमच्या मुलांनी खरवडलेला तो पट्टा दुसऱ्या वर्षी आम्हाला सापडला. कालवाची खालची शिंपली खडकाला चिकटलेलीच राहते, त्यामुळे पांढऱ्या चकत्यांच्या खुणा स्पष्ट होत्या. वर्ष उलटलं तरी कालवं परत बसली नव्हती. हिरवं शेवाळ आणि कडेला थोडी बारीक बार्नॅकल, एवढंच. आम्ही त्यावर चौकट ठेवून मोजणी केली, शेजारच्या न खरवडलेल्या जागेचीही केली. खडकाचा फोटो व्यक्तिगत निरोपात पाठवते. पावसाळा संपल्यावर एकदा बघून याल का?

कोडीबाग

खडक ओळखला. आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटं. नवरात्राच्या आधीच्या अमावास्येला आई येणारच आहे तिकडे, दोघी जाऊन फोटो काढतो. चौकट नाही माझ्याकडे, मापासाठी शेजारी काय ठेवू?

कणकुंबीकर

शाळेतली ३० सेंटिमीटरची पट्टी ठेवा, आणि फोटो सरळ वरून घ्या.

गवंड्याची लेक

मॅडम, यंदा नळी वीस मीटरची आणते. बाबा म्हणाले, जुनी पिवळी पडलीय, पाणी नीट दिसत नाही.